पिवळं कार्ड

कोहमाऱ्याच्या नाक्यावर नागपूरची बस सकाळी नेमकी किती वाजता येते, हे तिथल्या ढाबेवाल्यालाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही दोन तास आधीच येऊन बसलो होतो. मी, माय, बाबा आणि धाकटी बहीण दीपा. माझ्या नव्याकोऱ्या बॅगेवर माय बसली होती, कारण ती उतरली की बॅग चोरीला जाणार याची तिला खात्री होती. समोरून लाकडाचे ट्रक जात होते आणि बाबा प्रत्येक ट्रकमधलं झाड ओळखून सांगत होते. साग, बीजा, ऐन. विमानात बसायला निघालेल्या मुलीला काय सांगतात ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते झाडांवर बोलत होते.

दीपा पाय लांब करून बसली होती. भर उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यांवर शाल होती. आदल्या दिवसापासून तिची हाडं दुखत होती, तरी ती हट्टानं आली. बस दिसली तशी तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाई, तिकडून माह्या हाडायले काही आनजो." मी म्हटलं, आणते. कबूल करायला काय जातं?

बाबांनी बॅग वर चढवली आणि शेवटी एकदाचं बोलले. "झाड मी ओळखतो, छाप गार्ड मारते. तू छाप मारनारी होजो."

नवेगाव बांधाच्या जंगलाकडच्या बाजूला आमचं गाव. बाबा जन्मभर जंगल खात्यात रोजानं कामाला. कोणतं झाड आतून पोकळ आहे, हे ते नुसती थाप मारून सांगतात. पण तोडायच्या झाडावर लोखंडी हातोड्यानं शिक्का मारायचा मान गार्डचा. गार्ड नवा असला की तो बाबांना विचारायचा, बाबा बोट दाखवायचे आणि मग तो छाप मारायचा. हे त्यांनी तीस वर्षं केलं. मला नर्सिंगला घातलं तेव्हाही त्यांच्या डोक्यात तो हातोडाच असणार.

हे मी लिहिते आहे ते गोंदियाला माझ्यासोबत नर्सिंग शिकलेल्या सगळ्याजणींसाठी. तुमच्यातल्या काही आखातात गेल्या, एकदोघी माझ्यासारख्या विलायतेत आल्या, बाकीच्या तिथंच उपकेंद्रात नाहीतर दवाखान्यात आहात. माझ्याबद्दल तुम्ही जे ऐकलं असेल ते खरं आहे. तरी माझ्या तोंडून ऐका.

सुरुवात शाळेतल्या शिबिरापासून करते. रक्त तपासायला माणसं आली, बोटं टोचली आणि पंधरा दिवसांनी कार्डं वाटली. आपल्याकडं सिकलसेल म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला आजार आहे त्याला लाल कार्ड, ज्याच्या रक्तात नुसता अंश आहे आणि तसा त्रास काही नाही त्याला पिवळं. माय-बाबा दोघंही पिवळे निघाले. मी पिवळी. दीपा लाल. माय चुलीपुढं बसून म्हणाली होती, "एका ताटात जेवल्या पोरी. एकीले पिवळा, एकीले लाल." तिला वाटत होतं की वाढण्यात तिचंच काही चुकलं.

मग गोंदियाची तीन वर्षं. शहर हिंदी बोलणारं. आम्ही झाडीपट्टीतल्या पोरी वॉर्डात "का होऊन राहिलं?" म्हणालो की नातेवाईक हसायचे. होस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर कविता होती, पोवारांची, घरी फोनवर पोवारीत भांडायची आणि आमच्याशी झाडीबोलीत. आम्ही दोघी रात्रपाळ्या, औषधांची ट्रॉली, सलाईनची सुई, सगळं एकत्रच शिकलो. आणि एक गोष्ट न शिकवता शिकलो. रोग्याला काय हवं ते सगळ्यात आधी नर्सला कळतं आणि सगळ्यात शेवटी तिला विचारतात. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग माहंच काम करून राहिली तू."

बर्मिंगहॅमला आल्यावर पहिली काही वर्षं मी पुन्हा शिकाऊ झाले. भाषेची परीक्षा, हाताच्या कामाची परीक्षा, आणि चहाला दूध घालायचं की नाही याचीही एक वेगळी परीक्षा असते. मग मला सिकलसेलच्या विभागात टाकलं. फाइलीवर आजाराचं नाव वाचलं आणि मला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. रोगी मात्र जमैकाचे, घानाचे, नायजेरियाचे. रंगानं, भाषेनं वेगळे, आणि दुखलं की अगदी दीपासारखे पाय पोटाशी घेऊन निजणारे.

तिथंच कळलं की नर्सच्या पुढंही एक पायरी आहे. नर्स प्रॅक्टिशनर. नोकरी सांभाळून तीन वर्षं शिकायचं. रोग्याला स्वतः तपासायचं, निदान करायचं, कोणत्या तपासण्या ते ठरवायचं, आणि औषधं लिहायचा वेगळा अभ्यासक्रम पास झाला की चिठ्ठीवर आपली सही. माझ्यावर देखरेखीला एक आयरिश डॉक्टरबाई होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. मी रोग्याला तपासायचे, त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या, आणि पटलं तरच माझ्या वहीत सही करायच्या. शेकडो सह्या लागायच्या त्या वहीत.

एकदा त्यांनी शिकवलं की या आजारात मोठ्या माणसाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, आक्रसून जाते, हाताला लागत नाही. मी म्हटलं, आमच्याकडं लागते. त्यांनी चष्मा खाली केला. मी सांगितलं, माझी बहीण वीस वर्षांची होती तेव्हा तिच्या डाव्या बरगडीखाली मी हातानं चाचपली आहे. पुढच्या आठवड्यात त्या वाचून आल्या आणि म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, तुमच्याकडचा हा आजार थोडा वेगळा वागतो. त्या दिवशी मी विभागात जरा ताठ मानेनं फिरले. ती अक्कल दीपाच्या पोटावरून मिळाली होती, हे मात्र घरी कळवायचं राहून गेलं.

पण त्यांनी शिकवलेली खरी गोष्ट दुसरीच. ग्लोरिया नावाची माझी एक रोगी होती, सिटीबस चालवायची. कधीही विचारा, "मी छान आहे." बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं, रोगी खोटं बोलत नाही, घाबरतो, उत्तर पटलं नाही तर प्रश्न बदल. मी आत जाऊन ग्लोरियाला विचारलं, काल घरातलं कोणतं काम करायचं राहिलं? ती रडायलाच लागली. चार दिवस तिला जिना चढता येत नव्हता, ती खाली सोफ्यावर झोपत होती. तिची औषधाची चिठ्ठी माझी पहिली चिठ्ठी. मी घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "मंग आता छाप तुह्याच हाती?" मी हो म्हटलं. ते किती वेळ हसत होते.

त्यानंतर दीपाचं लग्न ठरलं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्याखालची शेती असलेलं घर, मुलगा शांत, माणसं कष्टाळू. आपल्याकडं आता पत्रिका कोणी बघत नाही, कार्डं बघतात. त्यांच्याकडून निरोप आला, मुलाचं रक्त साधं निघालं आहे, मुलीचं कार्ड घेऊन या. मायनं मला दुपारी फोन केला. आधी भाताचं बोलली, मग गाईचं. मग म्हणाली, "वनिता, तुहा पिवळा कार्ड तुले तिकडं लागत नाई ना?"

मी म्हटलं, नाही लागत.

मी विचारलं नाही, कशाला. मला कळलं होतं, ते दीपाचं म्हणून दाखवायचं होतं. कार्डं पत्र्याच्या पेटीत होती, एका पावसाळ्यात पेटीत पाणी शिरलं होतं, आणि शाईनं लिहिलेली पहिली नावं आणि वयं धुऊन गेली होती. आडनाव आणि बाबांचं नाव तेवढं शिल्लक होतं. माझ्या नावाचं जे पाण्यातून वाचलं ते मायच्या ओल्या अंगठ्यानं पुसलं की काय, हे मला आजही माहीत नाही. मी स्वतःची समजूत घातली. मुलगा साधा, म्हणजे होणारी मुलं फार तर पिवळी. शास्त्राप्रमाणे लग्नाला काहीच हरकत नाही. मग एका रंगासाठी दीपाचं घर काऊन मोडायचं? त्याच आठवड्यात मी एका तरुण जोडप्याला अर्धा तास समजावून सांगितलं होतं की एकमेकांपासून काही लपवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

लग्नाला मला सुट्टी मिळाली नाही. फोनवर दीपाच्या सासूनं विचारलं, "बाई, तुमी तं डॉक्टरावानी हाव. पिवळ्यावाल्याले काई होत नाई ना?" मी म्हटलं, नाही, काही होत नाही. शब्द न् शब्द खरा होता.

दीपाच्या आजाराच्या रोजच्या कॅप्सूल लाल कार्डावर मिळायच्या. सासरी लाल कार्ड काढणार कुठून? नेलेल्या कॅप्सूल तिनं पावडरच्या डब्यात लपवून संपवल्या आणि पुढं बंद. मी फोनवर विचारायचे, गोळ्या घेऊन राहिली ना? ती म्हणायची, हो. तब्येत? "बरी हाय." मी प्रश्न बदलला नाही. ग्लोरियासाठी बदलला, सख्ख्या बहिणीसाठी नाही. उत्तर मला पटायला हवं होतं म्हणून ते पटलं.

दुसऱ्या वर्षीची धानाची रोवणी. ज्यांनी रोवणी केली आहे त्यांना सांगायला नको. दिवसभर वाकून, पायाखाली गार चिखल, पाठीवर पाऊस, प्यायचं पाणी दूर शेताच्या धुऱ्यावर. सिकलसेलच्या माणसाला काय करू देऊ नये याची जी यादी मी रोग्यांना छापून देते, ती सगळी यादी म्हणजे रोवणी. पिवळ्या कार्डाच्या सुनेनं रोवणीला नाही कसं म्हणायचं? दीपा आठ दिवस बांधीतल्या पाण्यात उभी राहिली.

त्यानंतर फोन आला तेव्हा माझ्याकडं सकाळ होती, दोन रोग्यांच्या मधली दहा मिनिटं. व्हिडिओवर दीपाच्या सासूबाई होत्या. म्हणाल्या, "रोवन्याचा ताप हाय. दीपाले तुमच्याशी बोला वाटते." त्यांनी फोन तिच्याकडं फिरवला. मी छातीकडं बघून श्वास मोजले. इथं असं कोणी माझ्यासमोर आलं असतं तर मी बटण दाबून अर्ध्या मिनिटात माणसं गोळा केली असती. ऑक्सिजन, रक्त, छातीचा फोटो. ताप रोवणीचा नव्हता, आजार तिच्या फुप्फुसात उतरला होता. मी तोंड उघडलं आणि दीपानं उशीवर मान हलवली. नोको. एवढीच मान हलवली, सासूला दिसणार नाही अशी.

मी सासूबाईंना म्हटलं, तिला दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, "नेतो ना. सकाळी कविता सिस्टरकडं नेतो. पिवळ्याले तं काई होत नाई, तुमीच सांगतलं." मी म्हटलं, आत्ता न्या. त्या हो म्हणाल्या, आणि पाऊस होता, आणि मुलगा ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतावर होता. बाहेर माझा पुढचा रोगी थांबला होता. मी त्याला तपासलं आणि त्याच्या चिठ्ठीवर सही केली.

ही तीच आपली कविता. सहा महिन्यांचा कोर्स करून ती आता तिथल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या देते, बाळंतपणं करते, कोणाला पुढं पाठवायचं ते ठरवते. माझं काम आणि तिचं काम यात तुम्ही समजता तेवढा फरक नाही. मला मदतीला आख्खा मजला आहे, तिला एक मदतनीस आणि गळकं छप्पर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दीपाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि मला फोन केला. "वनिता, आकडा लई खाली हाय. पर यायनं पिवळा कार्ड आनला. तुही बहीन पिवळी ना?"

मी म्हटलं, "नाही. लाल."

कविता म्हणाली, "आठ दिवस बांधीत उभी होती ते." आणि तिनं फोन ठेवला, कारण तिला गाडी बोलवायची होती.

दीपा गोंदियाच्या दवाखान्यात पोचल्यावर मी तिथल्या तरुण डॉक्टरांशी फोनवर बोलले. मी भराभर सांगत गेले, काय झालं असेल, काय द्यायला हवं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आप रिश्तेदार हैं या मेडिकल से?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "दोनों हैं तो फिर कार्ड पीला क्यों है?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, ते कामाला लागले. दीपा वाचली ती कवितामुळं आणि त्यांच्यामुळं. माझी सही तिथं कोऱ्या कागदावरही चालत नाही, आणि ते योग्यच आहे. तिचा उजवा खुबा मात्र गेला. हाडाला रक्त पोचलं नाही ते नाहीच.

रजा मंजूर होऊन मी पोचेस्तोवर दीपा माहेरी आली होती. वरातीमागून घोडं. मी सासूबाईंना भेटायला गेले. त्या शिव्या देतील अशी माझी तयारी होती, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा केला. माझं पिवळं कार्ड घडी घालून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "बाई, लाल असती तं आमी पोरगी केली असती का, ते मले सांगता येत नाई. पर पान्यात नसती उभी केली."

जावई कोपऱ्यात उभा होता. त्यानं विचारलं, "तिचा पाय दुखते का अजून?" मी हो म्हटलं. तो दोनदा माहेरी येऊन तिला बघून गेला आहे. घेऊन जातो म्हणत नाही, सोडली असंही म्हणत नाही.

माझी सुट्टी तीन आठवड्यांची होती. इंग्लंडची डॉक्टरीण आली म्हणून ओसरीवर बायका जमायच्या. हातात तपासणीचे कागद, जुन्या चिठ्ठ्या. मी वाचून सांगायचे, समजवायचे, आणि कोणी "मंग लिहून दे ना औषध" म्हटलं की मला नाही म्हणावं लागायचं. त्यांना वाटायचं मी भाव खाते. बाबा मधे पडायचे. "तिची छाप तिकडची हाय. इकडच्या झाडावर चालत नाई." हे सांगताना ते माझ्याकडं बघत नसत. ज्या हसण्यासाठी मी तीन वर्षं ती वही घेऊन फिरले, ते हसणं मी त्यांच्याकडून परत ऐकलं नाही. मायशी तर मी त्या कार्डावर बोलू शकले नाही. ती भात वाढायची, मी जेवायचे. काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

निघताना पुन्हा कोहमारा. या वेळी बॅगेवर दीपा बसली होती, तिला उभं राहता येत नव्हतं. मी तिला बजावत होते, पाणी पी, कॅप्सूल चुकवू नको, थंडीत बाहेर निघू नको, कविताला फोन कर. ती ऐकत होती. मग माझं बोलणं संपल्यावर अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी नोको सांगू म्हनलं. पर बाई, तू माहं आयकलं काऊन?"

बस आली. मी बसले. खिडकीतून हात हलवला की नाही ते आठवत नाही.

तुम्ही विचारता, तिकडं घरासारखं वाटतं का ग. इथं माझ्या नावाची खोली आहे, दारावर पाटी आहे, ग्लोरिया नाताळला केक आणते. इथं मी प्रश्न बदलून विचारते आणि माणसं खरं सांगतात. हे सगळं मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण घर म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती फोनची बोटभर काच आणि तिच्यातली उशीवरची हललेली मान. तिथवर मला सगळं दिसतं आणि माझा हात पोचत नाही. दोन्ही कार्डं आता दीपाजवळ आहेत. माझं मी तिच्या हाती दिलं, ते परत मागितलं नाही.

दर रविवारी मी फोन लावते. तिच्याकडं दुपार कललेली असते. कॅप्सूलचं पाकीट दाखव म्हणते, ती दाखवते. रिकामी खळगी मी मोजते, तिला त्याचा राग येतो. तब्येत विचारली की ती म्हणते, "बरी हाय." मी विचारते, काल कोणतं काम राहिलं? ती पाकिटाची घडी घालत बसते. तिच्या मागं माय भांडी उचलत असते, कोंबड्या आत-बाहेर करत असतात. मी पुन्हा विचारते. ती बोलत नाही, आणि मी फोन ठेवत नाही.